जनुक आहे, पण ते वापरात आहे का? जनुकं आणि त्यांची अभिव्यक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनुकांबद्दलचे प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतात. एकीकडून बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुलं, त्यांना प्रयोग जमवायचा असतो. दुसरीकडून विदर्भातले आणि सातपुड्यातले पालक, आशाताई, कधी एखादे शिक्षक. त्यांच्या हातात सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा रिपोर्ट असतो. बरीच वर्षं मी दोघांना वेगवेगळी उत्तरं देत होते. आता वाटतं, दोघांच्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. एखादं जनुक शरीरात असणं ही एक गोष्ट, आणि ते अमुक पेशीत, अमुक वयात, अमुक प्रमाणात वापरलं जाणं ही दुसरी. म्हणून दोघांसाठी हे एकच पान केलं आहे, आणि बहुतेक उदाहरणं रक्तातल्या हिमोग्लोबिनची घेतली आहेत.

जनुक म्हणजे नेमकं काय?

डीएनएच्या लांबलचक रेणूवरचा असा भाग, ज्याच्यावरून पेशी काहीतरी कामाचं बनवते. बहुतेक वेळा प्रथिन, काही वेळा नुसताच आरएनए. 'जीन' हा शब्द १९०९ साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी दिला. आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

माणसाच्या एका जनुकसंचात साधारण ३०० कोटी अक्षरं (डीएनएच्या साखळीतले ए, टी, जी, सी हे घटक) आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर असलेला भाग एकूण अक्षरांच्या एक-दोन टक्केच भरतो. उरलेल्याला एके काळी 'जंक' म्हणायचे. खाली सिकलसेलच्या नव्या उपचाराची हकिगत येईल, तेव्हा लक्षात येईल की त्या उपचाराची जागा याच उरलेल्या भागात सापडली.

प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतील, तर डोळा वेगळा आणि यकृत वेगळं कसं?

हा प्रश्न नववीतली मुलं विचारतात आणि पीएच.डी.ची मुलं विचारायचं विसरतात. फडताळात भांडी सगळी असतात, पण रोज चुलीवर चढतात ती चारच. यकृताची पेशी अल्ब्युमिनचं जनुक अखंड वापरते आणि हिमोग्लोबिनच्या जनुकाला हात लावत नाही. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या लाल पेशीचं नेमकं उलट. फडताळ मात्र दोघींचं सारखंच.

हे नुसतं मानायचं नाही, दाखवलं गेलं आहे. ब्रिटनच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून ते केंद्रकहीन केलेल्या अंड्यात घातलं. त्यातून पोहणारी पिल्लं तयार झाली. हे काम १९६२ साली प्रसिद्ध झालं. आतड्याची पेशी 'आतडं' झाली म्हणून तिनं बाकीची जनुकं टाकून दिलेली नव्हती, ती फक्त वापरात नव्हती. गर्डन यांना नोबेल मिळायला २०१२ साल उजाडलं.

अपवाद आहेत. प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी पेशी आपल्या काही जनुकांचे तुकडे कायमचे कापून नव्यानं जोडतात. आणि आपल्या रक्तातली पक्व लाल पेशी तर केंद्रकच बाहेर टाकून देते. तिच्यात एकही जनुक उरत नाही.

'अभिव्यक्ती' म्हणजे काय? हा शब्द जड वाटतो.

वाटतोच, कारण वर्तमानपत्रात तो स्वातंत्र्याच्या जोडीनं भेटतो. प्रयोगशाळेत सगळे सरळ 'एक्सप्रेशन' म्हणतात. अर्थ असा: जनुकाच्या मजकुराची आरएनएमध्ये नक्कल निघते (प्रतिलेखन), त्या नकलेची काटछाट होऊन ती केंद्रकाबाहेर येते, आणि रायबोसोम ती वाचून अमिनो आम्लांची साखळी गुंफतो (भाषांतरण). या संदेशवाहक नकलेला एमआरएनए म्हणतात.

'जनुक चालू, जनुक बंद' असं आपण बोलतो, पण दिव्याच्या बटणापेक्षा नळाची उपमा मला जास्त खरी वाटते. नळ थेंब थेंब सोडता येतो, धो धो सोडता येतो. किती नकला निघतात, त्या किती वेळ टिकतात, त्यातल्या किती वाचल्या जातात, बनलेलं प्रथिन किती दिवस राहतं, अशा प्रत्येक टप्प्यावर पेशीचा हात असतो.

जनुकांवर असं नियंत्रण असतं हे पहिल्यांदा कोणी उलगडलं?

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, ई. कोलाय या जिवाणूवर. या जिवाणूला ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं तर तो आधी ग्लुकोज संपवतो. मग थोडा वेळ वाढ थांबते, आणि त्यानंतर लॅक्टोज पचवणारी विकरं बनू लागतात. लॅक्टोज नसताना एक प्रथिन डीएनएवर बसून त्या जनुकांची वाट अडवतं, लॅक्टोज आलं की ते बाजूला होतं, असं त्यांनी १९६१ मध्ये मांडलं. १९६५ चं नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं.

परीक्षेत या व्यवस्थेची, म्हणजे 'लॅक ओपेरॉन'ची, आकृती काढून मार्क मिळतात. मला मात्र त्यातलं वाढ थांबण्याचं ते मधलं अंतर फार मोलाचं वाटतं. तेवढ्या वेळात पेशी नवी सामग्री बनवत असते. जनुकाच्या वापराला वेळ लागतो, हे आलेखावर इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

मग हिमोग्लोबिनच का निवडलंत?

कारण एकाच आयुष्यात जनुकांचा वापर कसा बदलतो, हे इथं सगळ्यात उघड दिसतं. आणि हा विषय महाराष्ट्राच्या घराघरांतला आहे.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात: दोन अल्फा गटातल्या, दोन बीटा गटातल्या. अल्फा गटाची जनुकं गुणसूत्र १६ वर आहेत. बीटा गटाची पाच जनुकं गुणसूत्र ११ वर एका ओळीत आहेत: एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. आणि आयुष्यात ती वापरात येतात तीही साधारण याच क्रमानं! गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, नंतर गर्भाच्या यकृतात रक्त बनू लागलं की गॅमा, आणि जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बीटा. डेल्टाचा वाटा कायमच किरकोळ.

गॅमा साखळीच्या हिमोग्लोबिनला एचबीएफ म्हणतात. ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे आईच्या रक्तातून तो ओढून घेणं गर्भाला साधतं. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनचा मोठा भाग एचबीएफचाच असतो. पुढे सहा महिने ते वर्षभरात तो उतरत जातो, आणि प्रौढ माणसात साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी राहतो.

या ओळीच्या सुरुवातीला, जनुकांपासून बऱ्याच अंतरावर, एक नियंत्रक पट्टा आहे. डीएनएची वळी पडून तो ज्या जनुकाजवळ येतो त्या जनुकाच्या नकला धडाधड निघतात. गर्भात शेजारी गॅमा, मोठेपणी बीटा. पट्टा एकच, शेजार बदलतो.

सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने काहीच त्रास का होत नाही?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात हा प्रश्न आई-वडील हमखास विचारतात. 'पाच-सहा महिने बाळ एकदम छान होतं, मग हातपाय सुजायला लागले. आमचं काही चुकलं का?' नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

सिकलसेलमध्ये बीटा जनुकाच्या एका अक्षरात बदल असतो: अ‍ॅडेनिनच्या जागी थायमिन. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात, आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही साधारण १० ते २० दिवस.

बदललेलं जनुक बाळात गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून असतं. पण जन्माच्या वेळी बीटाचा वापर नुकता सुरू झालेला असतो, आणि गॅमामध्ये कसलीच चूक नसते. एचबीएफचे रेणू त्या दोऱ्यांत सामील होत नाहीत, उलट ते दोरे बनू देत नाहीत. गॅमा ओसरून बीटा वर आला की आजार दिसू लागतो. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लहान मुलांवर उपचार करणाऱ्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हे ओळखलं होतं. नवजात बाळांच्या पेशी वाकत नाहीत त्या एचबीएफमुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती. पुढे जे पाऊणशे वर्षं चाललं, ते बरंचसं त्यांच्या निरीक्षणाच्या मागे लागून.

गॅमाचा नळ बंद कोण करतं?

मोठ्या प्रमाणात बीसीएल११ए नावाचं प्रथिन. हे सापडलं ते मजेशीर वाटेनं. काही निरोगी प्रौढांमध्ये एचबीएफ इतरांपेक्षा थोडं जास्त असतं. अशा लोकांचा जनुकसंच बाकीच्यांशी ताडून पाहिला, तेव्हा २००७-०८ मध्ये एक ठळक खूण गुणसूत्र २ वर निघाली. हिमोग्लोबिनची जनुकं ११ आणि १६ वर, आणि खूण भलतीकडेच. तिथं बीसीएल११ए होतं. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं की हे प्रथिन कमी केलं की गॅमा पुन्हा वर येतो. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांत हेच करून आजार आटोक्यात आला.

अडचण एक होती. बीसीएल११ए मेंदूच्या जडणघडणीत आणि बी पेशींसाठीही लागतं, म्हणजे जनुकच मोडून चालणार नाही. वाट २०१३ मध्ये सापडली. या जनुकाच्या आत, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात, एक छोटा 'वर्धक', म्हणजे जनुकाचा वापर वाढवणारा, तुकडा आहे. तो लाल पेशींच्या घराण्यात कामाला येतो. तो तुकडा बिघडवला तर बीसीएल११ए लाल पेशींमध्ये घटतं आणि बाकी ठिकाणी शाबूत राहतं.

आपल्याकडच्या काही रुग्णांना त्रास कमी का होतो? रक्त तर तसंच असतं.

एकाच कुटुंबात 'एसएस पॅटर्न'ची (आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचं जनुक मिळालेली) दोन भावंडं, एक वारंवार दवाखान्यात आणि दुसरं शेतात काम करतंय, असं दिसतं खरं. एक कारण पुन्हा गॅमाच. भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये सिकलचा बदल ज्या गुणसूत्राच्या पार्श्वभूमीवर आहे तिला 'अरब-भारतीय' प्रकार म्हणतात. त्यात गॅमा जनुकाच्या अगदी पुढे एका अक्षराचा फरक असतो, आणि त्यासोबत एचबीएफ जास्त राहतं. बहुतेक आफ्रिकी प्रकारांत ते कमी असतं.

पण 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्यच असतो' असं म्हणून कोणी उपचार टाळत असेल तर कृपया तसं करू नका. विदर्भात गंभीर त्रास असलेले रुग्ण पुष्कळ आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध एचबीएफ वाढवतं आणि वेदनेचे झटके कमी करतं. १९८४ पासून त्याचा या कामासाठी अभ्यास झाला, अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली, आणि आपल्याकडे ते वापरात आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळानं रक्ततपासणी करत घ्यायचं असतं. रोज एक गोळी घेऊन एका जनुकाचा वापर बदलतो. मला आजही हे नवलाचं वाटतं.

जनुकाचा वापर मोजतात कसा?

सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे आरटी-पीसीआर. २०२० नंतर हे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ झालं. नाकातल्या नमुन्यात विषाणूचा आरएनए आहे का, हे त्यात पाहत. आम्ही त्याच रीतीनं पेशीचा स्वतःचा आरएनए पाहतो.

आधी पेशीतला आरएनए काढायचा. मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरानं त्याची डीएनएमध्ये उलटी नक्कल करायची, तिला सीडीएनए म्हणतात. हे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. मग हव्या त्या जनुकाचे प्रायमर (त्याच्याशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे) घालून पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या नकला वाढवत नेणारी प्रक्रिया, लावायचा. प्रत्येक फेरीत तुकडे साधारण दुप्पट होतात आणि त्यासोबत चकाकी वाढते. ठरलेल्या पातळीपर्यंत चकाकी पोहोचायला किती फेऱ्या लागल्या, तो आकडा म्हणजे सीटी. आकडा लहान, तर मूळ माल जास्त. कोविडच्या रिपोर्टवर ३५ च्या वर-खाली जो आकडा आपण काळजीनं पाहायचो, तोच हा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. औषध न दिलेल्या पेशींत गॅमाचा सीटी २४, औषध दिलेल्यांत २१. तुलनेसाठी घेतलेल्या जनुकाचा सीटी दोन्हीकडे १८. फरक ३ फेऱ्यांचा, म्हणजे २ × २ × २ = ८. गॅमाच्या नकला आठपट झाल्या. दर परीक्षेत कोणीतरी ३ चा फरक 'तिप्पट' असं लिहितं. कृपया लिहू नका.

ते तुलनेचं जनुक कशाला लागतं?

कारण दोन नळ्यांत आरएनए अगदी सारखा कधीच नसतो. ज्याचा वापर फारसा बदलत नाही असं एखादं 'हाउसकीपिंग' जनुक घेऊन त्याच्या मानानं हिशेब करायचा असतो. बहुतेक जण डोळे झाकून जीएपीडीएच किंवा बीटा-अ‍ॅक्टिन घेतात. पेशींचं रूपच पालटत असेल, जसं लाल पेशी पक्व होताना पालटतं, तर ही जनुकंही हलतात. आधी तीन-चार जनुकं तपासा, आपल्या प्रयोगात जी स्थिर राहतात ती दोन निवडा. हा एक आठवडा वाया जात नाही.

माझा आरएनए प्रत्येक वेळी खराब होतो. काय चुकतंय?

आरएनए तोडणारी विकरं आपल्या त्वचेवर, घामात, टेबलावर, सगळीकडे असतात आणि ती अत्यंत चिवट असतात. उकळूनही पुरती मरत नाहीत. हातमोजे वारंवार बदला. मोबाइलला हात लावलात की तो हातमोजा गेला. आरएनएसाठीचे पिपेट आणि टिप वेगळे ठेवा. नमुना हाती आल्याबरोबर ट्रायझॉलमध्ये (आरएनए शाबूत ठेवणाऱ्या द्रावणात) टाका किंवा लगेच गोठवा. 'जेवून येतो, मग करतो' हे इथं चालत नाही. पेशी मरताना आपला आरएनए बदलत असते, म्हणजे तुकडे झाले नाहीत तरी तुम्ही मोजाल ते पेशीचं मूळ चित्र नसेल.

क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा पाण्यासारखा थर घ्यायचा असतो. सगळा घेण्याचा मोह आवरा. मधल्या पांढऱ्या पापुद्र्याजवळ गेलात की डीएनए सोबत येतो. नंतर डीएनेझची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया करा, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी लावा. त्या नळीत सिग्नल आला तर तुम्ही आरएनए नाही, उरलेला डीएनए मोजताय. जनुक असणं आणि जनुक वापरात असणं यातला फरक त्या एका नळीत पकडता येतो, म्हणून ती नळी गाळणाऱ्या विद्यार्थ्याचा निकाल मी वाचत नाही.

मी शिकत होते त्या प्रयोगशाळेत एकदा शनिवार-रविवारी उणे ८० चा फ्रीझर बंद पडला. सोमवारी रुग्णांचे चाळीसहून जास्त नमुने वितळलेले मिळाले. त्यातले काही अशा मुलांचे होते, ज्यांना दोन एसटी बदलून आईनं आणलं होतं. त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायला जाणं मला फार जड गेलं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून ते दोन फ्रीझरमध्ये ठेवते. तुम्हीही ठेवा.

आरएनए-सीक केव्हा करावं? गाइड म्हणतात की आता पीसीआर जुनं झालं.

प्रश्न ठरलेल्या पाच-दहा जनुकांचा असेल तर पीसीआर पुरतं, आणि खर्चही कमी. कोणत्या जनुकांकडे पाहायचं हेच माहीत नसेल, तर आरएनए-सीक. त्यात नमुन्यातले सगळे आरएनए तुकडे वाचून मोजतात. १९९५ पासून मायक्रोअ‍ॅरे होते, पण त्यांत आधी ठरवलेलीच जनुकं दिसत. २००८ च्या सुमारास आरएनए-सीक आलं आणि ती मर्यादा गेली. २००९ मध्ये एकट्या पेशीचा आरएनए वाचणंही जमलं.

दोन ठेचा सगळ्यांना लागतात. पहिली: सगळे औषधाचे नमुने सोमवारी आणि सगळे बिनऔषधाचे मंगळवारी तयार केले. मग दिसणारा फरक औषधाचा की वाराचा, हे कोणताही संगणक सांगू शकत नाही. नमुने मिसळून घ्या. दुसरी खास रक्ताची: रक्तातून सरसकट आरएनए काढला तर एमआरएनएचा बहुतांश भाग ग्लोबिनचाच निघतो आणि बाकीची जनुकं त्या गर्दीत हरवतात. ग्लोबिन वेगळं काढण्याची पायरी आधी लावावी लागते.

हे ग्लोबिन येतं कुठून, लाल पेशीत तर केंद्रक नाही? केंद्रक नुकतंच टाकलेल्या तरुण पेशींतून, त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. जनुक निघून गेलं तरी त्याच्या नकला मागे राहतात, आणि पेशी एखाद-दोन दिवस त्यांच्यावरून हिमोग्लोबिन बनवत राहते.

एमआरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलंच ना?

नाही. बऱ्याचदा वाढतं, नेहमी नाही, आणि त्याच प्रमाणात तर क्वचितच. मध्ये सूक्ष्म आरएनएसारखे अडसर असतात. १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडलेल्या या लहानशा रेणूंसाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. प्रबंधात प्रथिनाबद्दल विधान करायचं असेल तर प्रथिन मोजा: वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री, हिमोग्लोबिनसाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी).

रक्त तपासून मेंदूतल्या जनुकांचा वापर कळेल का?

सहसा नाही. डीएनए रक्तातून (म्हणजे त्यातल्या पांढऱ्या पेशींतून) वाचला काय आणि केसाच्या मुळातून वाचला काय, जवळजवळ एकच. अभिव्यक्ती ज्या ऊतीची हवी त्याच ऊतीत मोजावी लागते.

अमुक आहारानं, अमुक साधनेनं 'जनुकं बदलतात' असं सांगतात. खरं आहे का?

जनुकांचा वापर तर जेवल्यावर, धावल्यावर, झोप मोडल्यावर, ताप आल्यावर, दर वेळी बदलतो. त्यात विशेष काही नाही. पेशी जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. अक्षरं बदलत नाहीत. म्हणून 'आमच्या चूर्णानं जनुकं बदलली' असं वाचलं की विचारा: कोणतं जनुक, कोणत्या पेशीत, किती काळ, आणि त्यानं आजारात काय फरक पडला? सिकलसेलच्या मुलाचं औषध थांबवून असलं काही सुरू केलेलं मी पाहिलं आहे आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. औषध थांबवू नका.

क्रिस्परनं सिकलसेल बरा होतो म्हणतात. म्हणजे चुकीचं जनुक दुरुस्त करतात?

क्रिस्पर म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापण्याचं तंत्र. आतापर्यंत सगळ्यात पुढे गेलेल्या उपचारात, नाही, आणि या पानावरची मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्य केलेल्या 'कॅसजेव्ही' उपचारात बीटा जनुकाला स्पर्शही होत नाही. रुग्णाच्या रक्तमूलपेशी (ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात त्या) बाहेर काढून, बीसीएल११ए चा तो लाल पेशींपुरता वर्धक तुकडा क्रिस्परनं कापतात आणि पेशी परत सोडतात. बीसीएल११ए घटतं, गॅमा पुन्हा वाहू लागतो. चूक जागच्या जागीच राहते, पण जन्मापूर्वी जे जनुक वापरात होतं त्याला परत कामावर बोलावलेलं असतं. अमेरिकेच्या मान्यतेसाठी पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

पण हा उपचार सोपा नाही. नव्या पेशींना जागा करण्यासाठी आधी जोरकस केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. वंध्यत्वाचा धोका असतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. मेळघाटातल्या घराला या आकड्याचा काय उपयोग? म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबीसारख्या आपल्या सरकारी संस्थांत सिकलसेलसाठी स्वदेशी जनुक-संपादनावर जे काम चाललं आहे, त्याकडे मी आशेनं पाहते. तोवर हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनीच मुलं वाचतात.

आमच्या महाविद्यालयात यंत्रं नाहीत. या विषयात काही करता येईल का?

येईल. जगभरातल्या प्रयोगशाळांनी मोजलेली अभिव्यक्तीची माहिती 'जिओ' नावाच्या सार्वजनिक भांडारात २००० सालापासून साठते आहे आणि ती फुकट उतरवून घेता येते. 'जीटेक्स' प्रकल्पात मृत्यूनंतर दान केलेल्या सुमारे हजार देहांतल्या पन्नासहून जास्त ऊतींची माहिती आहे. पहिला सराव म्हणून तिथं बीटा-ग्लोबिनचं जनुक शोधा आणि कोणत्या ऊतीत किती दिसतं ते पाहा. मग फुप्फुस आणि प्लीहेतही ते का दिसतं याचा विचार करा. उत्तर त्या ऊतींत अडकलेलं रक्त हे आहे, पण ते स्वतःला सुचण्यात मजा आहे.

पेशी वाढवण्याची सोय असेल तर के५६२ ही पेशीमालिका नवशिक्यांसाठी उत्तम. ती रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाकडून १९७० मध्ये मिळाली. ती एप्सिलॉन आणि गॅमा वापरते, बीटा जवळजवळ नाहीच. उन्हाळी प्रकल्पासाठी पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर आणि रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची परळची संस्था, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, इथं विचारून पाहा.

आम्ही दोघंही 'एएस' आहोत. गर्भातच कळू शकतं का?

दोघंही 'एएस', म्हणजे एक सिकलचं आणि एक निरोगी जनुक असलेले वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. 'पहिलं एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली' असा याचा अर्थ नाही. दर वेळी हिशेब नव्यानं.

कळू शकतं. साधारण १० ते १३ आठवड्यांत वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन तपासता येतं. वारेच्या पेशी हिमोग्लोबिन बनवत नाहीत, तरी त्यांच्या डीएनएत बीटाचं जनुक असतंच, आणि तेच वाचायचं असतं. पूर्वी गर्भाचं रक्त घेऊन त्यात कोणत्या साखळ्या बनतात ते पाहावं लागे आणि त्यात गर्भाला धोका जास्त होता. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यूट वाई कान आणि अँड्री डोझी यांनी गर्भजलातल्या पेशींच्या डीएनएवरून सिकलसेल ओळखण्याची वाट काढली. तपासणी करायची की नाही, आणि निकालानंतर काय करायचं, हा निर्णय तुमचा दोघांचा आहे. समुपदेशकाशी आधी बोला, आणि शक्यतो गरोदरपणापूर्वीच बोला.

आशाताईंचा प्रश्न : नवजात बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. आता निश्चिंत व्हायचं ना?

नाही. ही टेस्ट जनुक पाहत नाही, सिकल हिमोग्लोबिन पाण्यासारख्या द्रावणात गढूळपणा आणतं का ते पाहते. नवजात बाळात ते हिमोग्लोबिन अजून पुरेसं बनलेलंच नसतं, एचबीएफच भरपूर असतं, त्यामुळे एसएस बाळाचीही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी या टेस्टवर विसंबू नका. टाचेच्या थेंबावरून एचपीएलसी करता येते, किंवा थेट डीएनए तपासता येतो. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्यात तान्ही बाळंही येतात, म्हणून हे नीट ध्यानात ठेवायला हवं. आई-वडील दोघंही एएस असतील तर बाळाच्या नावापुढे 'निगेटिव्ह' लिहून वही मिटू नका. 'सहा महिन्यांनी पुन्हा' असं लिहा, तारीख घाला, आणि तोवर बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला आईला सांगा.